सकाळचा पहिला सेल्फ

जुन्या डिझेल गाडीची खरी तब्येत कळते ती सकाळी. रात्रभर उभी, काचेवर दव, इंजिन पार गार. दिवसा ती काहीही लपवते; तापलेलं इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होतं आणि सगळी दुखणी पोटात घालतं. म्हणूनच जुनी डिझेल गाडी बघायला जाणारा जाणता माणूस मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवतो, 'मी येईपर्यंत चावी लावू नका', आणि पोचल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर हात ठेवतो. बॉनेट कोमट लागलं तर चहा घ्यावा आणि परत यावं.

या गाड्या घरोघरी आल्या त्या निव्वळ हिशेबाने. मे 2012 मध्ये पेट्रोल एका फटक्यात लिटरमागे साडेसात रुपयांच्या आसपास वाढलं आणि पेट्रोल-डिझेलमधला फरक तीस रुपयांवर गेला. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणाऱ्याला डिझेल मॉडेलचे वरचे लाखभर रुपये थोड्याच वर्षांत सुटताना दिसत होते. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, फरक आटत गेला. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे धुराचं कडक मानक लागू झालं आणि लहान डिझेल गाड्या जवळजवळ बाजारातूनच गेल्या. ज्या हिशेबाने गाडी घेतली तो हिशेब असा मोडीत निघाला, गाडी मात्र दारात उभी आहे आणि तिचा मालक आता तिला घेऊन तीन किलोमीटरवर भाजी आणायला जातो. तिची बहुतेक दुखणी या भाजीतूनच येतात, हे पुढे येईलच.

उदाहरणाला 1248 सीसीचं ते फियाटचं 1.3 मल्टिजेट घेऊ. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशा निरनिराळ्या बिल्ल्यांच्या बॉनेटखाली तेच बसलं, म्हणून गाडीवेडे त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावलाही ते बनत होतं. त्यामुळे तालुक्याच्या गावातला मेकॅनिकसुद्धा ते डोळे मिटून उघडतो. पाण्याचा पंप, सेन्सर, होज हे वरवरचे सुटे भाग मात्र कंपनीगणिक बदलतात. 'तेच इंजिन आहे हो' या भरवशावर दुकानातून काही उचलू नये, पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा.

तर सकाळचा सेल्फ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा एवढी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापात डिझेल आपोआप पेटतं. गार इंजिनात हवेची ऊब धातू पिऊन टाकतो, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. चावी फिरवल्यावर डॅशवर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं. पुष्कळ लोक थांबत नाहीत आणि कोकणात, गोव्यात त्यांचं काही बिघडतही नाही: हवा मुळातच उबदार, त्यामुळे चारातले तीन प्लग मेलेली, मल्टिजेटसारखी कॉमन रेल गाडीही (म्हणजे एका सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) तिथे वर्षानुवर्षं बिनतक्रार सुरू होते. तीच गाडी डिसेंबरात महाबळेश्वरला मुक्कामी गेली की पहाटे थरथरत, पांढरा धूर ओकत, तीन सिलिंडरवर उठते आणि दोष थंडीला जातो. जुन्या इंडिकाच्या 1405 सीसी इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटायचं, भिंती जास्त आणि उष्णतेची गळतीही जास्त. त्यामुळे त्याला हीटर प्लग साध्या गारव्यातही लागायचे.

प्लग तपासायला गॅरेज लागत नाही. कनेक्टर काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या टोकाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. अर्धा ते एक ओहमच्या आसपास आकडा आला तर प्लग जिवंत. मीटर हललाच नाही तर मेलेला. काढताना मात्र घाई नको. दहा वर्षं कार्बनमध्ये रुतलेला प्लग जोर लावला की मोडतो, खालचा तुकडा हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, राहतो आणि शे-पाचशेच्या कामाला हेड उतरवायची वेळ येते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी इंजिन गरम करायचं, मग पाना थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत सोडवायचा. तरीही अडला तर तो मेलेला प्लग तसाच राहू द्यावा. तीन प्लगवर संसार होतो.

हीटर चांगले, बॅटरी चांगली, सेल्फ जोरात फिरतो, तरी सकाळी दहा-बारा सेकंद घोळते आणि दिवसभर मग एका सेल्फमध्ये? गॅरेजच्या भाषेत 'गाडी एअर घेते'. कुठल्या तरी वाळलेल्या पाइपातून, फिल्टरच्या रबरी रिंगेतून किंवा इंजेक्टरच्या परतीच्या बारीक नळ्यांतून रात्रभरात हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे मागे ओसरतं. हवा शिरते ती फट इतकी बारीक असते की बाहेर थेंबही दिसत नाही. शोधायचा साधा उपाय म्हणजे फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवायची. इंजिन चालू असताना तिच्यातून बुडबुडे पळताना दिसले की दोष मागच्या बाजूला. या अवस्थेत सेल्फ मारत राहणं महागात पडतं, कारण कॉमन रेलच्या हाय-प्रेशर पंपाला वंगण म्हणून डिझेलच मिळतं. डिझेल नाही म्हणजे पंप कोरडा घासतोय. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं, आणि फिल्टरवर हातपंप असेल तर तो आधी कडक होईपर्यंत दाबावा.

डिझेल फिल्टर वीस हजार किलोमीटरला बदलावा, असं साधारण धरून चालावं. त्याच्या बुडाशी एक स्क्रू असतो आणि तो पावसाळ्यानंतर एकदा तरी सैल करावा. खाली काचेची बरणी धरायची, कपभर डिझेल सोडायचं, दहा मिनिटं स्वस्थ ठेवायचं. पाणी जड, ते तळाशी बसतं. मधली रेघ स्पष्ट दिसते. टाकी नेहमी पाव भरलेली ठेवणाऱ्यांच्या बरणीत ही रेघ हमखास सापडते, कारण टाकीतल्या मोकळ्या जागेत दमट हवा असते आणि रात्री तिचं पाणी होतं. हे पाणी इंजेक्टरपर्यंत पोचलं तर त्याच्या तोंडाला गंज चढतो.

इंजेक्टर म्हणजे आपल्या बोलीतलं नोझल. 'पंप-नोझल' अशी पाटी लावलेली दुकानं हायवेला अजून दिसतात. मेकॅनिकल पंपाच्या जमान्यात कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय हे शोधायची एक फर्मास युक्ती होती: चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करायचा, ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच आजारी. जुने हात अजून सवयीने तिकडे जातात. कॉमन रेल इंजिनावर हे कुणालाही करू देऊ नये. त्या पाइपात दाब सोळाशे बारपर्यंत चढतो, आणि एवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडीत घुसली की ते थेट शस्त्रक्रियेचं काम होतं. कॉमन रेलची परीक्षा परतीच्या डिझेलवर घेतात. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन चार-पाच मिनिटं न्यूट्रलला चालवायचं. जी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली तिचा इंजेक्टर आतून झिजलाय. त्या एकाचीच दुरुस्ती करा. चारही बदलायला सांगणाऱ्याला आधी बाटल्या दाखवायला सांगा. इंजेक्टर उतरवला की त्याच्या बुडाची तांब्याची वॉशर नवीनच, त्याच जाडीची. जुनी परत घातली तर ज्वलनाचा वायू कडेने निसटतो, 'चुफ-चुफ' आवाज येतो आणि काही महिन्यांत इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा दगड तयार होतो. आणि ज्याच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा कोड कोरलेला असतो तो इंजेक्टर बदलला, तर कोड स्कॅनरने ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरून घ्यायचा. हे राहून जातं आणि गाडी 'नवीन नोझल टाकूनही' खडखडते.

मल्टिजेटला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. 'चेन म्हणजे आयुष्यभराची' असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, पण कुणाच्या आयुष्यभराची ते सांगितलं नव्हतं. ही चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जाड झालं, काजळीने भरलं, की टेन्शनर सुस्तावतो, चेन सैल पडते, दात ओलांडते, आणि पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो. याची सूचनाही सकाळीच मिळते: सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट, मग शांत. ऑइलचा दाब वर चढेपर्यंतचा तो आवाज असतो. रोज ऐकू येऊ लागला की चेन, टेन्शनर, गाइड आणि चेनची दातेरी चाकं असा सगळा संच एकदमच टाकावा, एकटी चेन नको.

त्यापेक्षा ऑइल स्वस्त. तीन लिटरच्या आसपास बसतं. मॅन्युअल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणत असेल तर जुन्या गाडीला सात-आठ हजारांत बदलावं, आणि भाजी आणण्यापुरताच वापर असेल तर किलोमीटर न बघता वर्षाला. ग्रेड मॅन्युअलमधलाच, बहुधा 5डब्ल्यू-30 किंवा 5डब्ल्यू-40. 'जुनी झाली, जरा जाड ऑइल टाकू' हा सल्ला टेन्शनरच्या जिवावर उठतो. ऑइलच्या कागदी फिल्टरबरोबर त्याच्या झाकणाची रबरी रिंग बदलली का, ते डोळ्यांनी बघावं. डिझेलचं ऑइल बदलल्या दिवशीच काळं दिसतं, त्याने घाबरू नये. घाबरायचं ते डिपस्टिकवरची पातळी न भरताच वाढली तर. ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर कुठला तरी इंजेक्टर न जळलेलं डिझेल खाली सोडतोय आणि ऑइल पातळ होतंय.

आता टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. टर्बोची चाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, ऑइलच्या पातळशा थरावर. घाट चढून आल्याआल्या चावी काढली तर चाती फिरत राहते आणि ऑइल थांबतं. मिनिटभर न्यूट्रलला ठेवलं की भागतं. दरम्यान पान लावून घ्यावं. टर्बोचं सील पार गेलं तर मात्र एक भयानक प्रकार होतो: ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, शिरतं, इंजिन तेच डिझेल म्हणून जाळू लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. इंजिनाचे फेरे वाढत जातात, मागे निळ्या-पांढऱ्या धुराचा डोंगर. अशा वेळी लोक चावी फिरवत बसतात. करायचं ते हे: ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट दाबून गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकायची आणि क्लच झटकन सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. क्लच जळेल कदाचित, तो इंजिनापेक्षा स्वस्त आहे.

तेवढं टोक गाठायच्या आधी धूर बरंच सांगत असतो. काळा म्हणजे हवा कमी पडते: एअर फिल्टर तुंबलाय, किंवा टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा होज चिरलाय. होज चिरलेला असेल तर पिकअप जातो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शीळ ऐकू येते. चिरेभोवती तेलकट डाग असतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, डोळे चुरचुरवणारा, म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढरा पण गोडसर वासाचा, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे, म्हणजे हेडखालचं गॅस्केट गेलंय. तिथे गाडी पुढे चालवायची नाही, टो करायची.

आणि ती भाजी. तीन किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन धड तापतही नाही. अर्धवट जळालेली काजळी आणि इंजिनातली तेलकट वाफ, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या इजीआर व्हॉल्व्हपाशी भेटतात आणि तिथे बुटाच्या पॉलिशसारखा लगदा साचतो. व्हॉल्व्ह मग अर्धवट उघडा अडकतो, गाडी न्यूट्रलला डचमळते, काळा धूर सोडते. उतरवून कार्ब्युरेटर क्लीनरने साफ करणं हा दीड-दोन तासांचा उद्योग आहे. काही गॅरेजवाले पत्रा लावून तो कायमचा बंद करून देतात. त्याने चेक इंजिनचा दिवा लागतो आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वाढतात, म्हणून ते नको. आठवड्यातून एकदा गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर न्यावी, तापमानाचा काटा मधोमध आल्यावर एखादा चढ तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर घ्यावा. लांबच्या फेरीला पुणेकरांना खंबाटकी आहे, मुंबईकरांना कसारा. पाहुण्यांना फिरवून आणलं की गाडीलाही बरं वाटतं ते यामुळे.

पंधरा वर्षं पुरी झाली की आरटीओ. फॉर्म 25 भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल 2022 मध्ये त्याची फी मोटारीला पाच हजार झाली, वर पर्यावरण कर. मुदत संपायच्या आत अर्ज करावा, नंतर दंड चढतो. दिल्लीत 2015 च्या हरित लवादाच्या आणि 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी डिझेलला दहाच वर्षं दिली, म्हणून तिकडच्या ठणठणीत गाड्या एनओसी घेऊन स्वस्तात इकडे आल्या. घेताना ती एनओसी आधी वाचावी.

पीयूसीचे कागद मात्र फेकू नयेत. डिझेलच्या पीयूसीत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची दाटी मोजतात आणि कागदावर 'के' असा आकडा येतो. बीएस-4 गाडीला 1.62 पर्यंत पास, त्याआधीच्या गाडीला 2.45. पंपावरचा पोरगा 'पास' म्हणून कागद हातात देतो आणि आपण घडी घालतो. हे सगळे कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात तारखेने लावून ठेवावेत. मर्यादेच्या आत असूनही आकडा एका वर्षात दुप्पट झाला, तर आधी एअर फिल्टरचं झाकण उघडावं, मग इंटरकूलरच्या होजवरून हात फिरवावा. हात तेलकट निघाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, शीळ ऐकायला कुणाला तरी बॉनेटपाशी उभं करावं.