आमची वाटचाल : पेटीच्या भात्यापासून गिटारच्या पिकअपपर्यंत

वडिलांनी 1984 साली लातूरच्या गंजगोलाईजवळ पेटी दुरुस्तीचं दुकान टाकलं. सूर घासायची त्यांची बारीक कानस अजून माझ्या गल्ल्यात असते, पोरांना हात लावू देत नाही. पुढं तबले, ढोलक्या, मग गिटारी आल्या. बरं चाललं होतं.

2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा बाजार पार थंड. त्यात मी उसनवारी करून एकाच कंपनीच्या बारा सेमी-अकॉस्टिक, म्हणजे केबल लावून स्पीकरवरही वाजणाऱ्या, गिटारी उचललेल्या. दोन महिन्यांत सात परत. "मामा, आवाजच येईनागेलाय!"

खोलून बघितलं. सॅडलखालची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखालची, पिएझोची पट्टी (तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप) ठीक, बॅटरी ठीक. प्रीअँपच्या, म्हणजे पिकअपचा बारीक आवाज वाढवणाऱ्या भागाच्या, बोर्डावर जॅकची (केबल खुपसायच्या भोकाची) वायर जिथं जोडतात, तिथला सोल्डरचा डाग कच्चा. वायर जरा हलवली की जोडणी तपासायचा मल्टिमीटर मुका. एकीचं असतं तर नशीब म्हणालो असतो, सातही जणींचं दुखणं त्याच जागी. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "तुमच्याकडची हवा कोरडी, लाकूड आकसतं." आकसतं, मान्य. पण हवेनं डाग सुटतो होय? मग लातुरात एक रेडिओ वाजला नसता.

म्हणे मुंबईला पाठवा, भाडं तुमचं. एक पाठवली, ती मान मोडून आली. तेवढ्यात समोरच्या दुकानानं उठवलं की मी डुप्लिकेट माल विकतो. दिवाळीपर्यंत शटर ओढायची वेळ आली होती.

औशाचे सर तेवढे टिकले. त्यांची गिटार गॅदरिंगमध्ये, ऐन स्टेजवर बंद पडली होती. दुकानात येऊन म्हणले, "पैसे राहू द्या, आवाज आणा." समोर बसवून डाग दिला. पुढच्या आठवड्यात चार विद्यार्थी घेऊन आले. बाराही बोर्ड मी पदरमोड करून नीट केले.

आता कुणी विचारतं, अशा गिटारी कंपनीनं परत मागवाव्यात का? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं धोकादायक माल परत मागवायला लावता येतो. पण नऊ व्होल्टवर चालणारी मुकी गिटार कुणाला काय इजा करणार? म्हणजे कंपनीनंच लाज बाळगून करायचं. माझं विचाराल तर अख्खी गिटार मागवू नये, प्रवासात मोडते. बॅच नंबर जाहीर करावा, चार स्क्रूंचा तो प्रीअँप बदलून द्यावा आणि बसवणाऱ्या कारागिराला मजुरी द्यावी. मजुरीवरच गाडी अडते, बरं का.

आणि वाजवून झालं की केबल काढत जा. पिन आत असली की प्रीअँप चालूच राहतो, बॅटरी उगाच उतरत राहते आणि ऐन वेळी बसली की लोक मला शिव्या देतात.

बारा डागांच्या मजुरीचं बिल मी कंपनीला तेव्हाच रजिस्टर पोस्टानं पाठवलं होतं. पोच आली. फाइलला लावून ठेवलीय.