केंडामातला ‘हिकोकी’: तामा कसा धरायचा, केन कधी सोडायचा

केंडामा हे दोऱ्याने जोडलेल्या गोळ्याचं आणि दांड्याचं जपानी खेळणं. हिकोकी, म्हणजे विमान, ही त्यातली एक खेळी. यात तामा (गोळा) हातात असतो आणि केन (टोकदार दांडा) उडून त्याचं टोक तामाच्या भोकात बसतं. तामा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीनच बोटांच्या टोकांवर, भोक वर करून धरा. मुठीत आवळलात तर मनगट अडकतं आणि भोक झाकलं जातं.

दुसऱ्या हाताने केन अंगाकडे ओढा, दोरा ताणलेला हवा. आता नुसती बोटं उघडा. बहुतेकांचं इथेच बिनसतं: सोडताना नकळत ढकललं जातं, केन स्वतःभोवती पिळतो आणि टोक भलतीकडेच जातं. दोऱ्याला पीळ असला तरी तेच होतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी केन लोंबकळू देऊन स्थिर करा.

केन झोक्यासारखा पुढे जाऊन थांबल्यासारखा वाटला की तामा हलकेच स्वतःकडे ओढा. फेरा जास्त झाला तर झटका जोराचा होता. टोक वळलंच नाही तर कमी पडला.

नजर दोऱ्यावर नको, टोकावर. टोक आत शिरताना गुडघे वाकवून तामा थोडा खाली न्या, नाहीतर ते कडेवर आपटून उडतं.

हे जमेपर्यंत ‘तोदाई’ला (दीपस्तंभ: हातातल्या तामावर केन उभा तोलायची खेळी) हात घालायची घाई नको.