दंडावरचे दाणे: उजवा नमला, डावा अजून अडून बसलाय

आनंदाची बातमी आधी. उजव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूवर तळहात उलटा, म्हणजे कोपराकडून खांद्याकडे फिरवला तर आता काही लागत नाही. बारीक किसणीवरून बोटं फिरल्यासारखं जे व्हायचं ते गेलं. फक्त कोपराच्या वर चार बोटांचा एक पट्टा आहे तसाच राठ आहे, आणि लाल ठिपके जिथल्या तिथे. पण दाणे गेले! केपीवाल्यांनाच (केपी म्हणजे केराटोसिस पिलारिस, केसांच्या तोंडाशी येणारे खरखरीत दाणे) या वाक्याची किंमत कळेल.

दोन दंडांचा सामना आठवत नसेल तर: डाव्यावर फक्त अंग घासायचा, हातात घालायचा खरखरीत मोजा, उजव्यावर घासणं पूर्ण बंद आणि फक्त क्रीम. आंघोळीचं पाणी, साबण आणि सकाळचं साधं मॉइश्चरायझर दोन्हीकडे तेच. ऊन, घाम, कपडे दोघांच्या वाट्याला सारखेच.

आधी डाव्याचं रडगाणं. व्हिस्कोजच्या मोज्यावर माझा किती जीव आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. कोमट पाण्यात दहाएक मिनिटं अंग भिजवायचं, साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही (बुळबुळीत त्वचेवर मोजा नुसता घसरतो), पाणी निथळू द्यायचं आणि मग लांब, एकाच दिशेने हात मारायचे. करड्या वळ्या सुटायला लागल्या की पुढचा अर्धा दिवस मूड चांगला असतो. पाठ, कंबर, मांड्यांची मागची बाजू, इथे आजही मोज्याला तोड नाही.

दंडावर मात्र त्याचं काही चालत नाही. घासल्यावर दोन दिवस हात गुळगुळीत, मग दाणे परत, आणि या वेळी तर भोवतालचं लाल कडं जास्तच रुंद झालेलं. दहापट भिंग लावून बघितल्यावर कारण दिसलं. केसाच्या तोंडाशी केराटिनचं (त्वचेतल्या टणक प्रथिनाचं) बूच बसलेलं असतं. मोजा त्या बुचाचं टोक सपाट करतो, पण बूच आत घट्ट तसंच. वरून सपाट झालं म्हणून हाताला लागत नाही, एवढंच. खालून केराटिन साठणं चालूच असतं, त्यात घासण्याने आजूबाजूची त्वचा चिडते आणि दाणा आधीपेक्षा उठून दिसतो. जोर वाढवला तर लाली वाढते, दाणे कमी होत नाहीत.

आता उजवा. हा काही सरळ मार्गाने आलेला नाही.

सुरुवात १२% लॅक्टिक आम्लाच्या लोशनने झाली होती. पहिले काही आठवडे छान, मग गाडी अडली ती अडलीच. शेवटी पीएचच्या पट्ट्या काढल्या. लोशन पीएच ५ च्या आसपास निघालं. लॅक्टिकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल मोकळं असतं तो आकडा) ३.८६, म्हणजे पीएच ५ ला जेमतेम ७% आम्ल मोकळं राहतं, बाकी सगळं लॅक्टेट, म्हणजे त्याचं क्षाररूप. १२ चे ७% केले की हातात येतं साधारण ०.८% मोकळं आम्ल. लॅक्टेट वाया जात नाही, ते पाणी धरून ठेवतं आणि त्वचेच्या स्वतःच्या ओलावा राखणाऱ्या द्रव्यांतही ते असतंच. पण सालं सोडवण्याचं काम मुख्यतः मोकळ्या आम्लाचं. बाटलीवर टक्के ठसठशीत छापायचे आणि पीएचबद्दल चकार शब्द काढायचा नाही, या प्रकाराचा मला मनापासून वैताग येतो. पीएचशिवाय नुसता टक्का वाचून काही कळत नाही.

मग दुसऱ्या टोकाचं आणलं: १०%, पीएच ४ च्या खाली. यात जवळजवळ निम्मं आम्ल मोकळं. काम केलं असतंही, पण काखेजवळच्या घडीत असं चरचरलं की तिसऱ्या वेळेला बाटली उचलायचा धीर झाला नाही. पातळ त्वचेच्या जागा सोडून लावायचं म्हटलं तरी ते ओघळतंच. शिवाय आम्लं चालू असताना दंड उघडे ठेवून उन्हात जाता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने) ग्लायकोलिकवर, म्हणजे लॅक्टिकच्याच जातीच्या आम्लावर, केलेल्या अभ्यासात चार आठवड्यांनी अतिनील किरणांनी लाल होण्याची संवेदनशीलता १८% वाढलेली आढळली होती. वापर थांबवल्यावर आठवड्याभरात फरक उरला नाही. सनस्क्रीन लावतेच मी, पण दंडाच्या मागच्या बाजूला नीट लागलंय की नाही याची कोण खात्री देणार?

म्हणून युरिया. १०% पर्यंत तो मुख्यतः ओलावा धरतो, २० च्या पुढे केराटिनचे बंध सैल करायला लागतो, ४०% तर जाड नखं आणि घट्ट्यांसाठी. मी २०% घेतलं. लावल्यावर पहिल्यांदा किंचित चुणचुणतं. त्याच दिवशी रेझर फिरवलेला असेल तर किंचित नाही, चांगलंच. पोत चिकट आणि वास औषधी, पण काम बघा.

तरी नुसत्या युरियाने फरक हळूहळूच पडत होता. क्रीम रात्री अंथरुणाला पुसलं जातं म्हणून एका जुन्या सुती पायमोज्याचा पंजा कापून त्याची बाही केली आणि क्रीमवर चढवली. खरा फरक तिथून पडला. सकाळी टॉवेलने टिपताना बुचं आपोआप सुटायला लागली. त्यातलं एक काळ्या कागदावर ठेवून भिंगाखाली बघितलं: अर्धपारदर्शक, खाली निमुळतं, आणि आत एक बारीक केस गोल वेटोळं करून बसलेला. सुईच्या टोकाने हलकेच ढकलला तर केस हळूहळू उलगडला. केपीच्या बुचात अडकलेले केस असतात हे वाचलेलं होतं, डोळ्यांनी बघायची मजा वेगळीच. (कागदावर सुई चालते. दंडावर सुई किंवा नखं लावायची नाहीत, त्याचे डाग दाण्यांपेक्षा जास्त काळ राहतात.)

आणि हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात येतेय. कोपराच्या वरचा तो राठ पट्टा बरोबर तिथेच आहे जिथून बाही रात्री वर सरकते. पट्ट्यावर क्रीम बाकीच्या दंडाइतकंच लागतं, झाकण मात्र नसतं. मग दाणे नेमके घालवले कोणी, युरियाने की बाहीने?

हा प्रश्न उगाच नाही पडला. नडगीवरच्या टेपची गंमत मागे सांगितली होती: पारदर्शक चिकटपट्टी नडगीवर दाबायची, उचलून काळ्या कागदावर चिकटवायची, तारीख टाकायची. पहिल्या पट्टीवर कोंडा इतका की कागदाचा काळा रंग शोधावा लागत होता. त्यानंतर नडगीला ना मोजा लावला ना आम्ल. फक्त आंघोळीनंतर अंग ओलसर असताना साधी पेट्रोलियम जेली. आताच्या पट्टीवर तुरळक ठिपके आहेत. घासलं काहीच नाही आणि कोंडा गेला.

याचं कारण त्वचेतच आहे. मृत पेशी एकमेकींना डेस्मोसोमच्या टाचण्यांनी धरून असतात, आणि त्या टाचण्या कापायला त्वचेकडे स्वतःची एन्झाइम असतात. या एन्झाइमना काम करायला पाणी लागतं. वरचा थर कोरडा पडला की कापणं थांबतं, पेशी सुट्या होऊन न दिसता गळायच्या त्या गठ्ठ्याने अडकून राहतात, आणि आपण त्यांना कोंडा म्हणून खरवडायला जातो. खरवडलं की थर आणखी उघडा पडतो, पाणी आणखी उडतं. नडगीला फक्त ओलावा हवा होता. बाहीनेही कदाचित तेच केलं असेल, रात्रभर पाणी आत कोंडून ठेवलं.

त्यामुळे बेत बदलला. हे लिहायला बसले तेव्हा डाव्या दंडावरही युरिया सुरू करायचा विचार होता. आता नाही. डाव्यावर मोजा बंद, युरिया नाही, फक्त रोजचं साधं मॉइश्चरायझर आणि त्यावर बाही. उजव्यावर युरिया चालू, पण बाही काढून टाकायची. डावा गुळगुळीत झाला तर श्रेय कापडाचं, उजवा टिकला तर युरियाचं. दोन्ही बिघडले तर दोघांची जोडी लागते. बाही या वेळी लांब, कोपराच्या खालपर्यंत उतरणारी, म्हणजे तो पट्टा निसटणार नाही. चिकटपट्टी दोन्हीकडे त्याच जागी लावायची. जागेसाठी डाव्यावर तीळ आहे, उजव्यावर लसीचा व्रण.

लाल कड्यांबद्दल मात्र आशा कमी ठेवतेय. ती सूज आहे, सालं नाहीत. दाणा गेला म्हणून लाली लगेच जात नाही. २% सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, केसाच्या तोंडात उतरतं, म्हणून पुढे कधीतरी बघायचं आहे, पण एका वेळी एकच गोष्ट. आणि ते दोन्ही दंड, मांड्या, पाठ असं मोठ्या भागावर एकदम फासायचं नाही, ते रक्तात शोषलं जातं. गरोदर असाल किंवा अंगावर सोरायसिस, इसब असेल तर यातलं काही स्वतःच्या मनाने करू नका. सोरायसिसवाल्यांना तर घासलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात.

जाता जाता त्या सोलणाऱ्या जेलबद्दल, कारण मला दोघांनी विचारलं. चोळलं की पांढऱ्या गोळ्या निघतात तेच. कोरड्या काचेवर चोळून बघा. काचेवरही तशाच गोळ्या निघतात. जेलमधला घट्ट करणारा पॉलिमर घासल्याने गोळा होतो, त्यात तुमची त्वचा फार थोडी. मोज्याच्या वळ्या करड्या असतात, या पांढऱ्याशुभ्र. माझी बाटली आता आरसा पुसायला आहे, आणि तिथे ती बरी चालते.

टाचांचं काहीच नवीन नाही, प्युमिसचा दगड आणि पायमोजे, चालू आहे. कुणाकडे घट्ट विणीचं, रात्री वर न सरकणारं सुती बाहीचं कापड असेल तर सांगा. इलास्टिकवालं नको, सकाळी दंडावर वळ उठतो आणि नेमक्या त्याच ओळीत दाणे येतात.