सात त्रिज्येची विहीर

शाळेच्या पुस्तकातल्या वृत्तचितींची त्रिज्या हटकून सात असते. फार तर चौदा, एकवीस किंवा साडेतीन. पायची किंमत बावीस सप्तमांश घेतली की खालचा सात सुखासुखी उडावा, एवढीच त्यामागची सोय. सातचा वर्ग गुणिले बावीस सप्तमांश म्हणजे 154, हे उत्तर तर पाढ्यासारखं पाठ असायचं.

तासगावकडं आमच्या तात्यांनी द्राक्षबागेसाठी विहीर काढायचं ठरवलं. व्यास 20 फूट, खोली 50. मग त्यांच्या मनानं घेतलं, काढतोयच तर 30 फुटी काढू. "धा फुटानं काय हुतंय?"

पुष्कळ होतं. सगळी गंमत त्रिज्येच्या वर्गात आहे. 20 फुटी विहिरीचा तळ 314 चौरस फूट; 50 नं गुणलं की 15,700 घनफूट. 30 फुटीचं घनफळ 35,325. घनफुटाला 28.3 लिटर धरले, तर काठोकाठ भरल्यावर पहिलीत साडेचार लाखांना थोडं कमी, दुसरीत दहा लाख लिटर. व्यास दीडपट, पाणी सव्वादोनपट! तात्या खूश.

पण ठेकेदारालाही हेच सूत्र येतं. त्याचा दर ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. "तात्या, 157 ब्रासचं 353 झालं की वो," तो म्हणाला. पाणी येईल तेव्हा येईल. मुरूम आणि काळा पाषाण पहिल्या दिवसापासून वर्गाच्या हिशेबानं निघतो. शिवाय विहीर हे नुसतं भांडं, पाणी देतो तो झरा. रुंदी साठवणीला, खोली झऱ्याला. माझं मत विचाराल तर कोरड्या पट्ट्यात आधी झरा बघावा, घेराचं नंतर.

आणि विहीर तरी कुठं पुस्तकातल्यासारखी सरळ उतरते? वर मातीत ऐसपैस, खाली पाषाणात आवळलेली, मधेच एका अंगाला पोट सुटलेलं. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त खड्ड्याचा हिशेब सांगताना यावर तोड दिली आहे : रुंदी अनेक ठिकाणी मोजा, बेरीज करा, ठिकाणांच्या संख्येनं भागा. वर्तुळासाठी त्यांनी बावीस सप्तमांश हे स्थूल माप दिलं आणि 3927 भागिले 1250 हे सूक्ष्म. विहिरीला स्थूल पुरतं. शेवटी 25 फुटांवर तडजोड झाली, म्हणजे साधारण 245 ब्रास. त्यात या दोन मापांनी फरक पडतो तो जेमतेम ब्रासच्या दहाव्या हिश्शाचा.

खरा फरक वेगळ्याच जागी पडतो. उकरलेला मुरूम ढिला होऊन फुगतो. काठावरचा ढीग मोजला तर ब्रास आपोआप वाढतात. माप विहिरीत उतरूनच घ्यायचं, तेही तीन ठिकाणी, हे तात्यांनी इसाराची रक्कम हातावर ठेवण्याआधीच ठेकेदाराकडून वदवून घेतलं.