पावती फाडली म्हणजे संपलं असं नसतं

जूनमध्ये पोस्टाच्या पेटीत न्यू जर्सी राज्याकडून एक पाकीट आलं, आत १५० डॉलरचं सरचार्जचं, म्हणजे दंडाच्या वरच्या वेगळ्या आकाराचं, बिल. मला आधी वाटलं काहीतरी घोळ झालाय, कारण माझी ट्रॅफिकच्या दंडाची दोन्ही टिकिटं मी वेळेवर भरलेली, एक तर त्याच रात्री जेवायच्या आधी भरलं होतं. मग नीट वाचलं तेव्हा कळलं की माझ्या लायसनवर नियम मोडल्याचे ६ पॉइंट झालेत आणि हे १५० एकदाच भरायचे नाहीत, सलग तीन वर्षं भरायचेत. म्हणजे ४५० डॉलर, दंड भरला तो वेगळाच. त्या दिवशी मी पहिल्यांदा इथला हा पॉइंटचा सगळा हिशोब बसून वाचला, आणि हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं असं फार वाटलं म्हणून लिहितेय. एडिसन-आयझलिनकडे आपले इतके लोक आहेत, दर दुसऱ्या घरात कोणालातरी टिकीट मिळालेलं असतं, पण बोलताना सगळे फक्त "किती डॉलर बसले" एवढंच विचारतात.

माझं पहिलं टिकीट गेल्या वर्षी जुलैमधलं. ताशी ३५ मैल लिमिटच्या रस्त्यावर मी ५२ नी जात होते, उतार होता, मुलीला क्लासला सोडायची घाई होती, पण चूक माझीच होती त्यात वाद नाही. कॉपने लायसन, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड घेतलं, दहा मिनिटांनी टिकीट दिलं आणि सावकाश जा म्हणाला. घरी येऊन मी टिकिटाचा नंबर कोर्टाच्या पेमेंटच्या साइटवर टाकला, कार्ड टाकलं, झालं. डोक्यात पुण्याची सवय होती. तिथे सिग्नलला मामांनी अडवलं की पावती फाडायची आणि निघायचं, हल्ली तर ई-चलान येतं ते पण गाडीच्या नंबरवर, ज्याच्या नावावर गाडी त्याच्या मोबाइलवर मेसेज, मग चालवत कोणी का असेना, आणि कित्येक जण ते वर्षानुवर्षं तसंच ठेवून लोकअदालतीत कमी करून मिटवतात. पैसे दिले की विषय संपतो हे इतकं अंगात मुरलेलं असतं.

इथे उलटं आहे. इथे टिकीट गाडीला नाही, तुम्हाला मिळतं. न्यू जर्सीत स्पीड कॅमेरे नाहीत, लाल सिग्नलचे कॅमेरे होते ते पण डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाले, त्यामुळे टिकीट म्हणजे बहुतेक वेळा समोर उभ्या पोलिसाने तुमचं लायसन बघून लिहिलेलं असतं. आणि ऑनलाइन पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. साइटवर ते लिहिलेलं असतं, मी पण टिक केलं असणार, वाचलं मात्र नाही. कबुली गेली की ती मोटर व्हेइकल कमिशनकडे जाते, आपण ज्याला एमव्हीसी म्हणतो तिकडे, आणि तुमच्या रेकॉर्डवर पॉइंट चढतात.

किती चढतात ते गुन्ह्यावर. स्पीडिंगमध्ये लिमिटच्या वर १४ मैलांपर्यंत असाल तर २, १५ ते २९ मैल असाल तर ४, ३० च्या पुढे ५. मी १७ वर होते म्हणजे ४ पॉइंट. तीन मैल कमी असते तर २ वर भागलं असतं, हे मी कितीतरी वेळा मनात मोजलंय. लाल सिग्नल तोडला किंवा क्रॉसवॉकवर माणसासाठी थांबला नाहीत तर २, केअरलेस म्हणजे निष्काळजी ड्रायव्हिंगला २, रेकलेस म्हणजे बेदरकार असेल तर ५. मुलं चढ-उतार करताना थांबलेल्या स्कूल बसला ओलांडून गेलात तर ५, आणि ते असायलाच हवेत असं मला आई म्हणून मनापासून वाटतं. हातात फोन धरून बोलण्याला पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत, नुसता दंड, पण तो २०० डॉलरपासून सुरू होतो, आणि तिसऱ्या वेळेला दंड अजून मोठा आणि वर ३ पॉइंट. पार्किंगच्या टिकिटाला पॉइंट नसतात, ते खुशाल ऑनलाइन भरा.

दुसरं टिकीट पेनसिल्व्हेनियातलं, यंदा मार्चमध्ये, आम्ही पिट्सबर्गच्या बालाजीला चाललो होतो तेव्हा. मला वाटलं दुसऱ्या राज्यातलं आहे, इथे कुठे कळणार? कळतं. राज्यं एकमेकांना कळवतात, आणि बाहेरच्या राज्यात मूव्हिंग व्हायोलेशन, म्हणजे गाडी चालवताना नियम मोडला, की न्यू जर्सी स्वतःकडून २ पॉइंट लावतं. चार आणि दोन सहा. आणि तीन वर्षांच्या आत ६ झाले की सरचार्ज, ६ ला १५० आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला वर २५, दर वर्षी, तीन वर्षं. १२ झाले तर लायसन सस्पेंड व्हायची वेळ येते. आता इथे गाडी नाही म्हणजे दूध आणायला पण कोणाला तरी फोन करावा लागतो, ऑफिस, शाळा, डे-केअर सगळं गाडीवर, त्यामुळे ते १२ मला लांबचे वाटत नव्हते, मी अर्ध्यावर तर पोचलेच होते.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे की मी त्या पहिल्या रात्री पैसे भरायला नको होते. टिकिटावर कोर्टाची तारीख असते. तुम्ही नॉट गिल्टी, म्हणजे गुन्हा कबूल नाही, असं कळवून त्या तारखेला हजर राहिलात तर आधी म्युनिसिपल प्रॉसिक्युटरशी, म्हणजे गावच्या कोर्टातल्या सरकारी वकिलाशी, बोलता येतं, आणि रेकॉर्ड चांगलं असेल तर बऱ्याचदा चार्ज, म्हणजे आरोप, बदलून मिळतो. ३९:४-९७.२ नावाचं एक कलम आहे, अनसेफ ड्रायव्हिंग, त्याला पहिल्या दोन वेळा शून्य पॉइंट, पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा झालं तर मात्र ४. फुकट नाही हे, दंड आणि कोर्टाचा खर्च सोडून २५० डॉलर राज्याला वेगळे द्यावे लागतात, म्हणजे त्या दिवशी खिशातून मूळ टिकिटापेक्षा जास्तच जातात, म्हणूनच लोक मागे फिरतात. पण त्या शून्याची किंमत मला जूनमध्ये कळली.

ऑक्टोबरमध्ये नवऱ्याला गार्डन स्टेट पार्कवेवर टेलगेटिंगचं टिकीट मिळालं. पुढच्या गाडीच्या फार जवळ चालवण्याला ५ पॉइंट आहेत, ३० मैल वर स्पीडिंग केल्याइतके, हे आमच्या ओळखीत कोणालाच माहीत नव्हतं. तो पण त्याच रात्री भरायला बसला होता, मी लॅपटॉप बंद केला. वकिलांची पत्रं येतातच टिकिटानंतर, पेटी भरून येतात, पण आम्ही वकील केला नाही, अपघात झालेला नव्हता आणि त्याचं रेकॉर्ड कोरं होतं. अपघात झाला असेल, कोणाला लागलं असेल, किंवा टिकिटावर कोर्टात यायलाच हवं अशी खूण असेल तर मात्र वकिलाशी बोला. कोर्ट झूमवर होतं. प्रॉसिक्युटरने रेकॉर्ड बघितलं, अनसेफवर आणलं, मग जज्जनी विचारलं की स्वतःच्या मर्जीने कबूल करताय ना, कोणी जबरदस्ती केली नाही ना, आणि नक्की काय केलं होतं ते तुमच्या तोंडाने सांगा. तो म्हणाला हो, मी फार जवळ होतो. सगळं मिळून चारशेच्या वर गेले आणि पॉइंट शून्य.

इन्शुरन्सबद्दल पण लोकांचा गोंधळ होतो, माझा पण झाला होता. एमव्हीसीचे पॉइंट कमी झाले म्हणजे इन्शुरन्स कमी होणार असं नाही, कंपन्या त्यांचा वेगळा हिशोब लावतात आणि त्या व्हायोलेशन बघतात. पॉइंट उतरले तरी व्हायोलेशन रेकॉर्डवर दिसत राहतं. माझं प्रीमियम रिन्यूअलला वाढलंच. १५ डॉलर भरून एमव्हीसीकडून आपला ड्रायव्हर अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे ड्रायव्हिंगच्या रेकॉर्डचा उतारा, मागवता येतो, एकदा मागवून बघा तुमच्या नावावर काय आहे.

पॉइंट उतरवायचे दोन रस्ते मी धरलेत. एक डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स, सहा तासांचा, ऑनलाइन होतो, त्याने २ पॉइंट जातात पण पाच वर्षांतून एकदाच, आणि इन्शुरन्सवर तीन वर्षं थोडी सूट पण मिळते. मी ऑगस्टमध्ये दोन रात्री बसून केला, मुलगी झोपल्यावर. दुसरा रस्ता म्हणजे नुसतं नीट चालवणं, १२ महिने एकही व्हायोलेशन नाही, सस्पेन्शन नाही, तर ३ पॉइंट आपोआप कमी होतात.

आणि ज्या मैत्रिणी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, येऊन इथे पहिल्यांदाच गाडी शिकतायत त्यांनी अजून जपा, कारण पहिलं वर्ष लायसन प्रोबेशनरी, म्हणजे परीक्षेवरचं, असतं आणि त्या काळात दोन टिकिटांत मिळून ४ पॉइंट झाले तर ड्रायव्हिंगच्या क्लासला जावंच लागतं. टिकीट मिळालं तर त्या रात्री काही भरू नका, त्यावरचा कलमाचा नंबर बघा, पॉइंट किती ते एमव्हीसीच्या साइटवर शोधा, आणि सकाळी कोर्टाच्या ऑफिसला फोन करून तारीख कधीची आहे ते विचारा. इंग्लिश अडत असेल तर कोर्ट दुभाषा देतं, तो मागायला लाजू नका.

माझे आत्ता ४ आहेत. मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या टिकिटाला १२ महिने होतील तेव्हा १ उरेल. सरचार्जची दोन बिलं अजून यायचीत, आणि ३५ च्या त्या उतारावर मी आता ब्रेकवर पाय ठेवूनच उतरते, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.