न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाताय? आधी एवढे शब्द माहीत करून घ्या

ख्राइस्टचर्चला गाडी भाड्याने घेतली आणि क्वीन्सटाउन आणि 'ते आनाउ' (Te Anau) ही गावं करून आम्ही पश्चिम किनाऱ्याने वर आलो. सोबत न्यू जर्सीहून आलेला मावसभाऊ आणि वहिनी होते. 'पेट्रोल', 'बूट' (गाडीची डिकी), 'कॅप्सिकम', 'टॉर्च' हे तिथले शब्द आपल्यासारखेच, त्यामुळे आमचं अडलं नाही. अमेरिकेत मुरलेल्या त्या दोघांना मात्र सवय व्हायला वेळ लागला. 'आँत्रे' हा शब्द अमेरिकेत मुख्य जेवणासाठी, तर न्यूझीलंडमध्ये सुरुवातीच्या छोट्या डिशसाठी वापरतात. अमेरिकेतून येणाऱ्यांनी मेन्यू नीट वाचावा.

पण सगळ्यात महत्त्वाचे शब्द रस्त्यावरचे. आपल्या सरकारी भाषेत 'मेटल्ड रोड' म्हणजे पक्का रस्ता. तिथे 'मेटल रोड' म्हणजे निव्वळ खडी. डांबरी रस्त्याला 'सील्ड' म्हणतात. खडीवर वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक मारलात तर गाडी घसरते. गाडी घेतानाच 'अनसील्ड' रस्त्यावर विमा चालतो का, हे विचारून घ्या. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर भाड्याच्या गाड्यांचा विमा सहसा लागू होत नाही. 'जडर बार' म्हणजे स्पीडब्रेकर. पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल बरेच आहेत. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.

'डेअरी' म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं दुकान. ब्रेड, दूध, वर्तमानपत्र, सगळं मिळतं. तिथलं 'होकी पोकी' आइस्क्रीम जरूर खा: व्हॅनिलात कुरकुरीत टॉफीचे तुकडे असतात.

कुणी 'टी'ला बोलावलं तर ते रात्रीचं जेवणही असू शकतं, तेव्हा वेळ विचारा. 'ब्रिंग अ प्लेट' म्हणाले तर सगळ्यांसाठी एक पदार्थ करून न्यायचा. ही पद्धत मला मनापासून आवडली.

सुट्टीच्या घराला दक्षिणेत 'क्रिब', उत्तर बेटावर 'बॅच' (bach) म्हणतात. एक्स्टेन्शन बोर्ड हवा असेल तर 'मल्टीबॉक्स' मागा. आपली पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर इथूनच न्या.

ट्रेकिंगला तिथे 'ट्रॅम्पिंग' म्हणतात. डोंगरातल्या सरकारी 'हट'मध्ये गादी मिळते, स्लीपिंग बॅग आपली न्यावी लागते. 'लाँग ड्रॉप' म्हणजे खड्ड्याचा संडास. ट्रॅम्पिंगचे बूट निघण्यापूर्वी घासून स्वच्छ करा आणि विमानतळावर जाहीर करा. चिवडा, लाडू, मसालेही जाहीर करायचे. मध नेऊच नका. काही लपलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.