दाऊ म्हणजे तू

'दाऊ (thou) म्हणजे यू' एवढा अर्थ वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या कडव्याकडे वळायचं, हा आमच्या वेळचा इंग्रजी कवितेचा तास. स्मरणिकेच्या निमित्ताने ती अर्धी राहिलेली ओळ पुरी करावीशी वाटते. मराठी बोलणाऱ्या मुलांना हे जुने शब्द चटकन समजायला हवेत. त्यांचं व्याकरण आपल्या बोलण्यात रोज आहे.

एक खुलासा आधी. आपण ज्याला जुनं इंग्रजी म्हणतो ते शेक्सपिअरचं आणि १६११ च्या बायबलचं. अभ्यासक 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात ते साधारण ११०० सालाच्या आधीचं, आणि ते आजच्या इंग्रजालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही.

दाऊ म्हणजे 'तू', दी म्हणजे 'तुला', दाय म्हणजे 'तुझा'. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, किंवा 'हे तुझं' असं सुटं म्हणायचं असेल, तर दायच्या जागी दाइन. अनेकांना उद्देशून 'तुम्ही' म्हणजे यी आणि 'तुम्हाला' म्हणजे यू. तेराव्या शतकापासून, फ्रेंचच्या वळणाने, एकट्या माणसालाही मानाने यू म्हणायची रीत पडली. सतराव्या शतकाअखेर प्रमाण बोलीतून दाऊ जवळजवळ गेलं. ते उरलं काही बोलींत, कवितेत आणि प्रार्थनेत. प्रार्थनेत असल्यामुळे ते आदरार्थी वाटतं, पण ते एकवचनच. विठ्ठलालाही आपण 'अरे' म्हणतो.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातल्या तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश उघडून बघा. आई म्हणते, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.' मुलगा उत्तर देतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.' आई अरे-तुरे करते, मुलगा मान राखून बोलतो. पण ते उत्तर झोंबताच आई दाऊ सोडून यूवर येते. आपल्याकडे चिडलेली आई लेकाला 'तुम्ही मोठे शहाणे!' म्हणते, तोच हा सूर. सगळीकडे 'यू' एवढाच अर्थ लिहिला की हा पालट दिसतच नाही.

क्रियापदात खरी गफलत होते. दाऊबरोबर शेवटी 'एस्ट' किंवा 'स्ट' येतं: गोएस्ट, हॅस्ट, डिडस्ट. आर्ट, विल्ट, शॅल्ट ही रूपं वेगळी, ती पाठच करावी लागतात. 'एथ' फक्त तृतीयपुरुषी एकवचनाला: ही गोएथ, शी हॅथ, इट डथ. कार्यक्रमपत्रिकेत थाट म्हणून कुणी 'आय हॅथ' लिहितं, तेव्हा ते 'मी जातोस' म्हटल्यासारखं कानाला टोचतं. खरेदीखताच्या इंग्रजी मसुद्यात 'विटनेसेथ' अजून भेटतं. तिथे कर्ता आहे तो दस्त, म्हणून 'एथ' बरोबर.

मला सगळ्यात आवडणारा शब्द मीथिंक्स. त्यात 'मी विचार करतो' असं काही नाही. फार पूर्वी इंग्रजीत 'विचार करणे' आणि 'वाटणे' अशी दोन क्रियापदं होती. पुढे त्यांचे उच्चार एक झाले. मीथिंक्समधलं थिंक हे दुसरं, आणि त्यातलं 'मी' म्हणजे इंग्रजी 'मी', आपलं 'मला'. म्हणजे सरळ 'मला वाटतं'. 'आय ॲम कम' हेही तसंच. आजच्या व्याकरणात चूक ठरेल, पण त्या काळी शुद्ध होतं आणि 'मी आलो आहे'शी शब्दाला शब्द जुळतं.

व्हेअरफोर म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?' म्हणताना ज्युलिएट रोमिओला शोधत नाही. तू रोमिओच का, वैऱ्याच्या घरचं नाव तुझ्याच वाट्याला का, असं ती विचारते. हिदर म्हणजे 'इकडे', हेन्स म्हणजे 'इथून', व्हेन्स म्हणजे 'कुठून'. 'ऊन' आतच असल्यामुळे व्हेन्सच्या आधी फ्रॉमची गरज नाही.

आणि लेट. भारतीय पासपोर्टच्या सुरुवातीला राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तीत 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत. हे 'होऊ देणे'वालं लेट नाही. एकेकाळी वेगळा असलेला हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ अडथळा. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे योग्य चौकटीत पडला की पंच पुकारतात, तेही हेच लेट.